डॉक्टर हुकेरींच्या चोवीस बाटल्या

"सगळ्यात महाग कुठली आहे?"

डॉक्टर हुकेरींनी हे विचारलं तेव्हा त्यांचं बोट काउंटरच्या जाळीतून आत आलं होतं आणि मागच्या फळीवरच्या बाटल्यांवरून फिरत होतं.

"कशातली महाग, डॉक्टर?"

"वाइनमधली, बाई. वाइन! तुमच्या पाटीवर लिहिलंय ना?"

पाटीवर लिहिलं होतं खरं. 'तोडकर वाइन्स, मिरज.' आपल्याकडे वाइन शॉप म्हणजे जिथे वाइन सोडून सगळं मिळतं. माझ्याकडे व्हिस्कीच्या चार भिंती, बियरचे दोन फ्रीज आणि वाइनची एक फळी होती. त्या फळीवर धूळ पुसायला दस्तगीरभाई आठवड्यातून एकदा हात फिरवायचे, तेवढीच तिची विचारपूस.

दुकान माझ्या नवऱ्याचं. बापू स्वतःच्याच दुकानाचे सगळ्यात मोठे गिऱ्हाईक होते आणि त्यातच गेले. परवाना माझ्या नावावर झाला. मी तेव्हा अडतीस वर्षांची होते. नातेवाइकांनी नावं ठेवली, मी गल्ल्यावर बसले. पाच वर्षं बसले, पण जिभेला थेंब लावला नाही. दस्तगीरभाई बापूंच्या वेळेपासून बावीस वर्षं दुकानात होते. त्यांनीही कधी लावला नाही. म्हणजे मिरजेतल्या त्या दुकानात विकणारे दोघे आणि दोघंही कोरडे. पिणाऱ्यांबद्दल मला काय वाटायचं ते मी कुणाला सांगत नसे, पण सुटे पैसे परत देताना माझा हात त्यांच्या हाताला लागणार नाही याची काळजी घेत असे.

डॉक्टर हुकेरी हाडांचे डॉक्टर. आदल्या वर्षी फ्रान्सला दहा दिवस जाऊन आले होते. जाताना माणूस होते, येताना जाणकार होऊन आले. गावातले वीसेक डॉक्टर-वकील जमवून त्यांनी 'द्राक्षमंडळ' काढलं होतं. महिन्याला एकदा सगळे कुणाच्या तरी बंगल्यावर जमायचे, ग्लास गोल गोल फिरवायचे, त्यात नाक खुपसायचे आणि एकमेकांकडे बघून माना हलवायचे.

"मे महिन्यात इटलीहून प्रोफेसर येतायत, रिनाल्दी," डॉक्टर म्हणाले. "गुडघ्याच्या ऑपरेशनमधलं फार मोठं नाव. माझ्याकडे रविवारी दुपारचं जेवण आहे. चोवीस बाटल्या लागतील. फ्रेंचच. आणि बाटली जड पाहिजे. बुडाला खोल खळगा असला की समजायचं माल चांगला."

"चव कशी पाहिजे?"

डॉक्टर हसले. "ते तुम्ही आमच्यावर सोडा."

मी मुंबईच्या आयातवाल्याला फोन केला. त्याच्या यादीतली सगळ्यात महाग लाल वाइन सांगितली. एका बाटलीच्या किमतीत नाशिकच्या पाच आल्या असत्या.

त्याच संध्याकाळी ओहोळ सिस्टर आल्या. प्रेमला ओहोळ. मिशन हॉस्पिटलमध्ये शिकलेल्या नर्स, पुढे एकोणीस वर्षं जर्मनीत मोझेल नदीकाठच्या द्राक्षमळ्यांच्या एका गावात नोकरी करून परत आलेल्या. एकट्या राहायच्या. दर महिन्याच्या पाच तारखेला यायच्या आणि नाशिकची साडेपाचशेची एक बाटली न्यायच्या. जाळीबाहेर न थांबता सरळ आत यायच्या आणि एकेक बाटली उलटी करून पाठीमागचं लेबल वाचायच्या. त्या फळीकडे माणसासारखं बघणारं ते एकच गिऱ्हाईक.

मी त्यांना ऑर्डर सांगितली. त्यांनी नाक मुरडलं.

"काचेचं वजन विकत घेतोय तुझा डॉक्टर."

"तुम्ही तिकडे कशी घ्यायचात?"

"शनिवारी शेतकऱ्याच्या घरी जायचो. तळघरात उभं राहून चाखायचो. आवडली तर सहा बाटल्या, नाही आवडली तर 'येतो' म्हणून निघायचं. कुणाला राग येत नसे. मोठ्या नावाच्या गावाची कधी घेतली नाही मी. त्याच्या शेजारच्या गावाची घ्यायची. डोंगर तोच, ऊन तेच, फक्त नाव नाही, म्हणून किंमत निम्मी. आणि मागे बघायचं, जिथे पिकली तिथेच भरलीय का. पुढच्या बाजूला गढीचं चित्र असतं ते तुझ्या डॉक्टरसारख्यांसाठी."

मला हे ऐकून फार बरं वाटलं. माझ्या मनातल्या तुच्छतेला कुणीतरी परदेशातून शिक्का मारून आणला होता.

बाटल्या एप्रिलच्या मध्याला आल्या. लेबलवर गढीचं चित्र होतंच.

"वहिनी, ह्या खाली मागच्या खोलीत ठेवूया काय?" दस्तगीरभाईंनी विचारलं. "थंड असतंय तिथं."

"तिथे बियर आहे. सीझन आहे बियरचा. वर ठेवा माळ्यावर."

वर पत्रा होता. एप्रिल-मेमधल्या मिरजेच्या पत्र्याखाली हात लावला तर चटका बसायचा. पण मला तेव्हा बाटली म्हणजे बाटली. व्हिस्की कुठेही ठेवली तरी व्हिस्कीच राहते. वाइनचंही तसंच असणार, असं मी धरून चालले. विचारलं नाही. पाच वर्षं विकत असलेल्या वस्तूबद्दल मी कधीच कुणाला काही विचारलं नव्हतं, कारण ती पिणारे सगळे मला मूर्ख वाटायचे.

जेवणाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, दस्तगीरभाई खोकी खाली उतरवत होते. ओहोळ सिस्टर त्या महिन्यात पाच तारखेला आल्या नव्हत्या, बरं नव्हतं त्यांना, म्हणून नेमक्या त्या दिवशी आल्या. त्यांनी एक बाटली हातात घेतली. बुचावरून अंगठा फिरवला. बूच काचेच्या कडेपेक्षा जरासं वर आलं होतं. अंगठ्याला चिकट लागलं.

"कुठे होत्या ह्या?"

दस्तगीरभाईंनी माळ्याकडे बघितलं.

"किती दिवस?"

"तीन आठवडे झाले असतील," मी म्हटलं.

"एक उघड."

"सिस्टर, मोजून चोवीस आहेत."

"उघड म्हणते ना."

त्यांनी स्वतःच पर्समधून बुचाचा स्क्रू काढला आणि बाटली उघडली. त्यांची नेहमीची नाशिकची पण उघडली. चहाच्या दोन काचेच्या ग्लासांत थोडी थोडी ओतली आणि माझ्यापुढे सरकवली.

"मी पीत नाही."

"मी तुला पी म्हणत नाही. तू विकतेस ते काय आहे ते बघ. थुंकून टाक नंतर."

मी दस्तगीरभाईंकडे बघितलं. त्यांनी पाठ फिरवली आणि खोकी आवरायला लागले, मला लाज वाटू नये म्हणून.

आधी नाशिकची. जिभेला पहिल्यांदा तुरट लागली, पिकलेल्या जांभळासारखी, आणि गिळल्यावर मागून मिरीसारखं काहीतरी आलं. मी थुंकायचं विसरले. मग ती फ्रेंच. आटवून आटवून करपलेल्या काकवीचा वास, आणि खाली ओल्या पुठ्ठ्याची चव. कुणीही ओळखलं असतं. मी ओळखलं, आयुष्यातल्या दुसऱ्या घोटाला.

"शिजली," सिस्टर म्हणाल्या. "चांगली असणार मुळात. तू शिजवलीस. आता डॉक्टरला फोन कर, सांग माल खराब झाला. नाशिकची दोन खोकी दे त्याला. लोक सुखाने जेवतील."

"आणि ह्यांचे पैसे?"

"ते तुझे गेले."

सिस्टर त्यांची उघडलेली बाटली झाकण लावून पिशवीत घालून गेल्या. मी फोनकडे बघत बसले. मग विचार करायला लागले, आणि विचार करताना मला डॉक्टरांचं ते बोट दिसायला लागलं, जाळीतून आत आलेलं. 'ते तुम्ही आमच्यावर सोडा.' बरं, सोडलं. ज्यांना चव नाही त्यांना फसवता येतच नाही, असं मी स्वतःला सांगितलं. त्यांना किंमत प्यायची आहे, किंमत तर अजून जशीच्या तशी आहे.

"दस्तगीरभाई, बुचांवरचा चिकटा ओल्या फडक्याने पुसून घ्या."

ते हलले नाहीत. "वहिनी, सिस्टर म्हणत होत्या..."

"त्यांना काय कळतंय? तुम्ही पुसा."

त्यांनी पुसल्या. तेवीस बाटल्या, एकेक करून, बुडाच्या खळग्यापर्यंत. मी नाशिकच्या दोन बाटल्यासुद्धा खोक्यात ठेवल्या. चुकून कुणाला कळलंच तर हाताशी असाव्यात म्हणून. म्हणजे कळू शकतं हे मला माहीत होतं.

रविवारी दुपारी बाटल्या उघडायला दस्तगीरभाई जाणार होते. मी पण गेले. कारण काही नव्हतं. मला तमाशा बघायचा होता.

डॉक्टरांच्या हॉलमध्ये एसी लावलेला, लांब टेबल, वीस-बावीस माणसं. प्रोफेसर रिनाल्दी मध्यभागी, बारीक, पांढऱ्या दाढीचे. दस्तगीरभाई पांढरा सदरा घालून एका कडेने ओतत होते. मी बायकांच्या बाजूला दाराजवळ उभी होते.

डॉक्टरांनी ग्लास फिरवला. नाक आत घातलं. डोळे मिटले. 

"चामडं," ते म्हणाले. "जुनं चामडं. आणि सुकवलेला आलुबुखार. थोडासा तंबाखू."

"तंबाखू मलाही लागला," एक वकील घाईने म्हणाले.

"चवीला काय खोली आहे!" एक दातांच्या डॉक्टरीणबाई.

माझ्या पोटात हसू मावेना. वीस शिकलेली माणसं माझ्या माळ्यावरचा पत्रा चाटत होती आणि त्यात चामडं शोधत होती. मला वाटलं, आजवर ह्या दुकानात बसून जे जे सहन केलं ते सगळं वसूल झालं.

प्रोफेसरांनी एक घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला. पाण्याचा उचलला. कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं. त्यांनी दस्तगीरभाईंना हाताने जवळ बोलावलं, ग्लासकडे बोट दाखवलं आणि अगदी हळू काहीतरी विचारलं. दस्तगीरभाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली आणि नजरेनेच नाशिकची बाटली दाखवली. त्यांनी तिचं पत्र्याचं झाकण फिरवून उघडलं आणि प्रोफेसरांना ओतली. प्रोफेसरांनी चाखली आणि पहिल्यांदाच हसले.

"हे काय ओततोयस?"

डॉक्टर उठून आले होते. त्यांनी बाटली हिसकावून घेतली. "फिरकीच्या झाकणाची? नाशिक? माझ्या पाहुण्याला?"

"साहेब, त्यांनीच मागितली..."

"त्यांनी नाशिक मागितली? त्यांना नाशिक कुठे आहे हे तरी माहीत आहे का?" लोक हसले. डॉक्टरांना ते हसणं आवडलं असावं, कारण ते थांबले नाहीत. खोक्यांकडे गेले. भरलेल्या, रिकाम्या सगळ्या फ्रेंच बाटल्या मोजल्या. दोनदा मोजल्या.

"तेवीस," ते म्हणाले. "बाई, मी चोवीस सांगितल्या होत्या."



"म्हणजे हा प्रकार आहे तर. महागाची घरी आणि त्या जागी ही. किती वर्षं चाललंय, दस्तगीर?"

दस्तगीरभाई वळले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. गयावया नव्हती त्या बघण्यात. नुसतंच बघितलं, जसं दुकानात एखाद्या बाटलीचा भाव विसरला की बघायचे, मी सांगेन म्हणून.

एका वाक्याचं काम होतं. चोविसावी मी उघडली, चाखली, ती खराब होती, सगळ्याच खराब आहेत. पण ते वाक्य म्हटलं असतं तर हॉलमधल्या वीस जणांनी ग्लास खाली ठेवून माझ्याकडे बघितलं असतं. ज्यांना मी दारातून हसत होते त्यांनी.

"मी बघते दुकानात," मी म्हणाले. "राहिली असेल कुठेतरी."

"दुकानात कशाला," डॉक्टर म्हणाले, "त्याच्या घरी बघा."

परत हसणं. दस्तगीरभाईंनी हातातला स्क्रू टेबलाच्या कडेला ठेवला, ओला झालेला हात फडक्याला पुसला, फडक्याची घडी घातली आणि मागच्या दाराने बाहेर गेले.

मी पोचले तेव्हा ते दुकानाच्या पायरीवर बसले होते. किल्ल्यांचा जुडगा त्यांनी माझ्यापुढे धरला.

"दस्तगीरभाई, मी उद्या डॉक्टरांना सांगते सगळं."

"सांगा की."

"तुम्ही किल्ल्या ठेवा."

"नको वहिनी. बापूंनी पिऊन मला शिव्या दिल्या, लई दिल्या. पण चोर कधी म्हणू दिलं न्हाई कुणाला."

ते गेले.

सोमवारी सकाळी दवाखाना उघडायच्या आधीच मी डॉक्टरांच्या केबिनमध्ये बसले होते. सगळं सांगितलं. माळा, पत्रा, बूच, चाखणं. पैसे परत करायला घेऊन आले होते, पाकीट टेबलावर ठेवलं.

डॉक्टर शांतपणे ऐकत होते. मग हसले. "बाई, तुम्ही फार भल्या आहात. नोकराला वाचवायला इतकं खोटं कुणी बोलत नाही."

"खोटं नाही. मी स्वतः चाखली."

"तुम्ही? तुम्ही कधीपासून प्यायला लागलात?"

"शनिवारपासून."

"आणि शनिवारी शिकलेल्या तुम्हाला जे कळलं ते आम्हाला रविवारी कळलं नाही?"

"प्रोफेसरांना कळलं. त्यांनी ग्लास खाली ठेवला."

"त्यांना उन्हाचा त्रास झाला होता." डॉक्टरांनी पाकीट माझ्याकडे सरकवलं. "वीस माणसं होती तिथे. सगळ्यांना आवडली. वीसच्या वीस मूर्ख?"

"हो," मी म्हणाले.

त्यांचा चेहरा बदलला. आवाज चढला नाही, उलट खाली आला. "हे पैसे मी घेतले तर वाइन खराब होती असा अर्थ होईल. ती खराब नव्हती. तुमच्या माणसाने चोरी केली, मी पोलिसात गेलो नाही, हे उपकार समजा. आणि मंडळाची खरेदी यापुढे सांगलीहून होईल."

मी पाकीट घेऊन उठले. रस्त्यावर आल्यावर मला कळलं की माझं खरं घ्यायला हा माणूस कधीच तयार होणार नाही. स्वतः फजीत होण्यापेक्षा दस्तगीरभाई चोर ठरणं त्याला स्वस्त पडत होतं. आणि रविवारी दुपारी मीही अगदी हाच सौदा केला होता.

दुकानाबाहेर एक काळा फळा होता, बियरचे भाव लिहायचा. तो मी ओल्या फडक्याने स्वच्छ पुसला आणि खडूने लिहिलं:

'डॉक्टर हुकेरी यांच्याकडे रविवारी गेलेली वाइन आमच्या माळ्यावर उन्हाने खराब झाली होती. एक बाटली दुकानात उघडली गेली. दस्तगीर मुल्ला यांनी कोणतीही चोरी केलेली नाही. वत्सला तोडकर.'

तासाभरात गर्दी झाली. रिक्षावाले मोठ्याने वाचून दाखवत होते. काहींनी फोटो काढले. "डॉक्टर खराब दारू प्याला" ही बातमी दुपारपर्यंत हॉस्पिटलभर झाली. द्राक्षमंडळातल्या दोघांनी फोन करून मला बदनामीच्या खटल्याची भीती घातली. मला आतून जरा बरंच वाटत होतं. मी माझं काम केलं, असं वाटत होतं.

संध्याकाळी ओहोळ सिस्टर आल्या. फळ्यापुढे चष्मा लावून उभ्या राहिल्या. आत आल्या नाहीत, मला बाहेर बोलावलं.

"एक ओळ राहिली."

"कुठली?"

"'खराब झाली होती' असं लिहिलंयस. कुणाला माहीत होतं? 'उघडली गेली' म्हणतेस. कुणी उघडली, कधी?" त्या माझ्याकडे अशा बघत होत्या जशा त्या फळीवरच्या बाटल्यांकडे बघायच्या, पाठीमागचं वाचायला. "मी त्या दिवशी तुला सांगून गेले. म्हणजे मी पण ह्यात आहे का? वाचणाऱ्याला काय वाटेल?"

"सिस्टर, त्यांना खरंच कळत नव्हतं हो. तंबाखू लागला म्हणाले."

"त्यांना कळत नाही म्हणून ते हास्यास्पद. तुला कळत होतं. तू कोण?"

त्यांनी त्या महिन्याची बाटली नेली नाही. परत कधीच नेली नाही. पुढे त्या सांगलीला भाचीकडे राहायला गेल्या.

मी खडू आणला. माझ्या नावाच्या वर थोडीच जागा होती, तिथे बारीक अक्षरात लिहिलं: 'हे आदल्या दिवशी चाखून, माहीत असूनही मी ती विकली. दस्तगीर मुल्ला यांनी विरोध केला होता.'

दुसऱ्या दिवशी गर्दी हसत नव्हती. वाचायची, जाळीतून माझ्याकडे बघायची आणि पुढे जायची. ज्या माणसांना सुटे पैसे देताना मी हात राखून ठेवत होते, ती आता पैसे काउंटरवर ठेवून हात मागे घेत होती.

फळा तसाच ठेवला. अकराव्या दिवशी दस्तगीरभाई आले. तोवर ते मेहुण्याच्या सतारीच्या कारखान्यात लागले होते. भोपळे घासायचं काम, बोटांना लाखेचा रंग लागला होता. सायकल भिंतीला टेकवून त्यांनी फळा वाचला. वरपासून खालपर्यंत, बारीक अक्षराशी वाकून, ओठ हलवत वाचला.

मी जाळीचं दार उघडून बाहेर आले.

"चहा घेता?"

"घेतो की."

आम्ही पायरीवर बसून चहा प्यालो. काम कसं आहे विचारलं, बरं आहे म्हणाले. घरी सगळे कसे आहेत विचारलं, बरे आहेत म्हणाले. मग मी ज्यासाठी अकरा दिवस थांबले होते ते विचारलं.

"परत याल?"

त्यांनी कप खाली ठेवला. 

"न्हाई वहिनी," ते म्हणाले. "पण आता ते पुसा. घरात पोरं वाचून दाखवाय लागलीत. माझं नाव चांगल्यासाठी का असंना, पण दारूच्या दुकानाबाहेर लिहिलंय."

ते सायकलवर बसून निघून गेले. मी फडकं ओलं केलं आणि फळा पुसला.